गंजलेला बिडाचा तवा पुन्हा चुलीवर चढवताना

गणपतीच्या चवथीआधी लाकडांची खोप झाडायला काढली की दरवर्षी काही ना काही हाताला लागतं. मागे एकदा सुक्या चुडतांच्या, म्हणजे माडाच्या झावळ्यांच्या, भाऱ्याखाली तवा निघाला. पालथा, अर्धा मातीत रुतलेला, अंगभर तांबडा. बोट फिरवलं की बोटाला विटेचा भुगा. घरातल्यांनी तो भंगाराच्या ढिगात टाकला आणि सासूबाईंनी उचलून परत पडवीत आणून ठेवला. "ह्याच्यावर मी तीस वर्षं पोळे घातलेत," एवढंच म्हणाल्या. (पोळे म्हणजे आमचे डोशासारखे.)

आज त्याच तव्यावर घावन कडेने आपोआप सुटून येतो. मधलं काम चार दिवसांचं होतं आणि खर्च अगदी किरकोळ. पण हे जमण्याआधी मी दोन भांडी घालवली होती. एक तवा फोडला, आणि एका कढईवर गुळाच्या पाकासारखा चिकट थर चढवून ठेवला. दोन्ही चुका गोव्यातल्या कुठल्याही घरात सहज होतील अशाच आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी भांडं ओळखा

बीड म्हणजे ओतीव लोखंड. (बीड जिल्ह्याशी त्याचा संबंध नाही, माझ्या मुलाला बरेच दिवस तसंच वाटत होतं.) लोखंड वितळवून वाळूच्या साच्यात ओततात. त्यात कार्बन साधारण २ ते ४ टक्के असतो, म्हणून ते कडक होतं पण ठिसूळही. पत्र्याचा तवा आपटला तर वाकतो, बिडाचा आपटला तर फुटतो. ओळखायची सोपी खूण म्हणजे पाठ: बिडाच्या पाठीवर वाळूचा बारीक खरखरीतपणा हाताला लागतो, कड जाड असते आणि आकाराच्या मानाने वजन भलतंच असतं. ठोकून घडवलेल्या लोखंडी तव्यावर हातोड्याचे ठसे दिसतात. चुंबक दोन्हींना चिकटतं, तेव्हा त्यावर जाऊ नका. खालची बरीचशी कृती लोखंडी तव्यालाही चालते.

मग तडा बघा. मडकं घेताना वाजवून घेतो तसा तवा कानाला धरून, बोटाच्या पेराने किंवा लाकडी डवल्याने ठोका. घंटेसारखा नाद लांबला तर तवा धड आहे. भद्द आवाज आला तर कुठेतरी केसाएवढी चीर आहे, आणि तापवल्यावर ती वाढणारच. असल्या तव्यावर कष्ट करू नका. ओट्याच्या कडाप्प्यावर ठेवून डुगडुगतो का तेही पाहा. गॅसवर थोडं डुगडुगणं चालतं, इंडक्शनवर नाही.

तिसरी गोष्ट सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही. कढई घरची असेल तर प्रश्न नाही. पण भंगारवाल्याकडून किंवा बाजारातून अनोळखी जुनी खोल कढई घेतली असेल, तर तिच्यात पूर्वी काय वितळवलं असेल ते कोण सांगणार? मासे पकडायच्या पागेराला शिशाच्या गुळ्या लागतात, आणि शिसं ३२७ अंश सेल्सिअसलाच वितळतं. साध्या चुलीवर, हाताशी असलेल्या जुन्या कढईत ते सहज होतं. तळाला करडे, मऊ, नखाने ओरखडले जाणारे थेंब किंवा डाग दिसले तर ती कढई घासूही नका, तापवूही नका. स्वयंपाकासाठी ती संपली.

कधी करायचं

पावसात नाही. जून ते सप्टेंबर आपल्याकडे सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि हवाच ओल्या पंचासारखी असते. घासून चकचकीत केलेलं उघडं बीड त्या हवेत पाच-दहा मिनिटांत परत तांबूस होतं. समुद्राजवळच्या घरांत खाऱ्या वाऱ्यातलं मीठ गंजाला आणखी हात देतं. तवा चवथीला सापडला तरी मी तो नुसता चुलीवर कोरडा करून, तेलाचा हात फिरवून, कागदात गुंडाळून ठेवला आणि दिवाळी झाल्यावर, कोरडी थंडी पडल्यावर काढला. घाई असेल तर पावसातही होतं म्हणा, पण धुणं, वाळवणं आणि तेल यांत श्वास घ्यायलाही सवड मिळत नाही.

गंज काढणं

सुरुवात कोरडीच करा. ओलं केलं की गंजाचा चिखल होतो आणि खाली काय आहे ते दिसत नाही. नारळाची सोडण मुठीत मावेल एवढी घ्यायची, तव्यात मूठभर जाडं मीठ टाकायचं आणि गोल गोल रगडायचं. आगरवाड्याच्या मिठागरातलं खडेमीठ यासाठी बारीक पिशवीतल्या मिठापेक्षा कितीतरी चांगलं, दाण्याला धार असते. वरवरचा गंज एवढ्यानेच जातो. राहिला तर तारेची घासणी, आणि तरीही हट्टी असेल तर १२० नंबरचा पॉलिशपेपर.

ग्राइंडर मात्र लावू नका. ओळखीच्या एकाने "पाच मिनिटांत करून देतो" म्हणून चुलत सासूबाईंची कढई नेली. परत आली ती आरशासारखी, पण आत चक्राच्या गोल चरांसकट. त्या चरांत आजही कांदा अडकतो. जुन्या भांड्याचा आतला भाग वर्षानुवर्षं उलथणं फिरून जो गुळगुळीत झालेला असतो, तो एकदा खरवडला की परत मिळत नाही.

खोल बसलेल्या गंजाला आंबट लागतं. आपल्याकडे माडाचा विनागर, म्हणजे व्हिनेगर, घरात असतो, तो चालतो. स्वस्तातला पांढराही चालतो. विनागर आणि पाणी निम्मं-निम्मं करून भांडं पूर्ण बुडेल अशा प्लास्टिकच्या टबात ठेवा. अर्धा तास झाला की बाहेर काढून घासा, बघा, लागलं तर परत अर्धा तास. रात्रभर ठेवून झोपायला जाऊ नका. आंबट आधी गंज खातं आणि गंज संपला की लोखंडाकडे वळतं. सकाळी तवा काळपट, खडबडीत झालेला मिळतो. सासूबाई यासाठी तांदळाचं धुवण दोन दिवस आंबवून वापरायच्या. तेही आम्लच, फक्त सौम्य, म्हणून वेळ जास्त. चिंचेचा कोळ पातळ करून फासला तरी तेच काम होतं.

शेवटी खाण्याचा सोडा चिमूटभर टाकलेल्या पाण्याने धुवा म्हणजे आंबट मरतं, मग साध्या पाण्याने.

जुना काळा थर असेल तर

काही भांड्यांवर गंजापेक्षा जळलेल्या तेलाचाच थर बसलेला असतो. कढईच्या कानांखाली, बाहेरच्या बाजूने, डांबरासारखा. तो पापुद्र्याने सुटत नसेल आणि वासही मारत नसेल तर बाहेरून राहू द्या, त्याने काही बिघडत नाही. आतून सुटत असेल तर मात्र पूर्ण काढावा लागतो, कारण सुटणाऱ्या थरावर चढवलेला नवा थर त्याच्याबरोबरच निघतो.

कढई असेल तर तिच्यातच पाणी आणि दोन-तीन चमचे धुण्याचा सोडा घालून अर्धा तास उकळवा आणि लाकडी उलथण्याने खरवडा. यानेही दाद दिली नाही तर कॉस्टिक सोडा. तो लोखंडाला काही करत नाही, जळलेलं तेल मात्र साबणासारखं विरघळवतो. एका लिटर पाण्याला २५ ग्रॅम पुरे. जाड प्लास्टिकच्या बादलीत आधी पाणी घ्यायचं, मग त्यात सोडा सोडायचा. उलटं केलंत तर पाणी उसळून अंगावर येतं. कोपरापर्यंत रबरी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. ॲल्युमिनियमचं काहीही जवळ नको, त्याच्याशी गाठ पडली की हायड्रोजन वायू सुटतो. भांडं एक-दोन दिवस बुडवून ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा. आणि हा सगळा खटाटोप विहिरीच्या कट्ट्यावर नको, मुलं आणि मांजरं फिरतात तिथेही नको. घरात लहान मूल असेल तर मी कॉस्टिक आणणारच नाही, सोड्याचं पाणी चार वेळा उकळवीन.

भांडं थेट विस्तवात टाकून थर जाळायची पद्धतही जुनी आहे. तीही मी टाळते. लाल होईपर्यंत तापलेलं बीड वाकडं होतं, तडकतं, आणि कधी कधी त्यावर असा लालसर पापुद्रा धरतो की मग तेल काही केल्या बसत नाही.

भांडं पाण्यात बुडवून, बॅटरीच्या चार्जरने त्यातून वीज सोडून गंज काढणारे हौशी लोक आहेत. पद्धत चांगली आहे, पण चार्जरच्या दुसऱ्या टोकाला साधं लोखंड लागतं. स्टेनलेस स्टील लावलं तर पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. एका तव्यासाठी एवढं मांडायची गरज मला तरी वाटत नाही.

वाळवणं

धुतल्या धुतल्या फडक्याने पुसा आणि लगेच मंद आचेवर. मध्ये फोन घेऊ नका. पाण्याचा थेंब टाकल्यावर नाचत उडून गेला की तवा कोरडा झाला. बिडाचा पृष्ठभाग खरखरीत असतो, वरून सुकलं तरी बारीक खाचांत ओल राहते. जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्याने पुसलं की फडकं काळं-करडं होईल. ती घाण नव्हे, बिडातल्या कार्बनची पूड आहे. तांबूस डाग आला तर मात्र गंज शिल्लक आहे, परत मागे जा.

या वेळी तवा चांदीसारखा करडा दिसतो. सासूबाई बघायला आल्या आणि म्हणाल्या, "हा माझा नव्हे." काळा रंग गेला म्हणून त्यांना वाईट वाटलं असावं.

कोणतं तेल

इथेच मी कढई घालवली. आपल्या घरात खोबरेल. मासे त्यात, फोडणी त्यात, मग कढईलाही तेच. जुलैमध्ये चार हात चढवले. आठवड्याने माळ्यावरून काढली तर बोट चिकटलं, आणि बोटाबरोबर मुंग्या, धूळ आणि एक केस.

कारण असं. तव्याचा काळा गुळगुळीत थर हे तेल नसतं. तेलातली असंतृप्त स्निग्धाम्लं उष्णतेने आणि हवेतल्या ऑक्सिजनने एकमेकांत गुंफली जातात आणि लोखंडावर कडक, पातळ कातडं धरतं. क्रिकेटच्या बॅटला जवसाचं तेल लावतात ते ज्या कारणाने सुकून कडक होतं, तेच हे. खोबरेलातली जवळजवळ ९० टक्के स्निग्धाम्लं संतृप्त, म्हणजे गुंफायला हातच नसलेली. ती तापतात, काही जळून जातात, उरलेली तशीच चिकटून बसतात.

तेव्हा थर बसवायला रिफाइंड सूर्यफूल किंवा सोयाबीन घ्या. शेंगदाण्याचं त्यांच्याहून थोडं मागे, पण चालतं. जवसाचा थर पटकन आणि देखणा बसतो, मात्र ठिसूळ असतो. सहा महिन्यांत पापुद्रे निघालेले मी पाहिले आहेत. हार्डवेअरच्या दुकानात लाकडासाठी मिळणारं उकळलेलं जवस तर अजिबात नको, त्यात सुकवायला धातूंचे क्षार घातलेले असतात. खोबरेलाला पूर्ण हद्दपार करायला नको. एकदा थर बसला की रोजच्या स्वयंपाकात, आणि भांडं ठेवताना वरून हात फिरवायला ते उत्तम, लवकर खवट होत नाही.

थर बसवणं

तवा हाताला चटका बसेल इतपत गरम करा. चहाचा अर्धा चमचा तेल पुरे. आत, बाहेर, कडेला, कानांना, सगळीकडे चोळा. आता दुसरं, कोरडं, स्वच्छ फडकं घ्या आणि चुकून तेल लागलंय असं समजून सगळं पुसून काढा. खरोखर सगळं. तवा ओला दिसता कामा नये, जेमतेम तुकतुकीत दिसावा. मी पहिल्या वेळी नीट पुसलं नव्हतं तर सासूबाई मागून म्हणाल्या, "तेल लाव म्हटलं गो, न्हाऊ घाल नव्हे." एवढं कळलं की निम्मं काम जमलं. जाड थर वरून सुकतो, खालून ओला राहतो, आणि त्याचेच थेंब, डाग, चिकटा होतो.

ओटीजी किंवा ओव्हन असेल आणि तवा आत मावत असेल तर काम सोपं. पालथा ठेवा म्हणजे उरलंसुरलं तेल तळाशी साचत नाही. २३० अंशांवर एक तास, मग बंद करून आतच निवू द्या. लाकडी मूठ असेल तर आधी काढा. खिडक्या उघड्या, पंखा चालू, धूर होणारच.

बहुतेक घरांत तवा ओव्हनपेक्षा मोठा असतो, मग गॅस. बीड उष्णता लवकर पसरवत नाही. शेगडीच्या ज्वाळेवर मधला भाग करपतो तेव्हा कड कोमट असते. म्हणून पहिली सात-आठ मिनिटं अगदी मंद, मग मध्यम, आणि तवा दर दोन-तीन मिनिटांनी सरकवत राहायचा: एकदा ही कड ज्वाळेवर, मग ती. बारीक निळसर धूर येऊ लागला की त्या जागी तो धूर विरेपर्यंत थांबायचं. एक फेरी वीस-पंचवीस मिनिटांची.

माझा अनुभव विचाराल तर सगळ्यात सारखा थर न्हाणीतल्या भाणाखालच्या (अंघोळीचं पाणी तापवायच्या हंड्याखालच्या) चुलीवर बसला. सकाळचं पाणी तापून झालं, ज्वाळा मेल्या, करवंट्यांचे निखारे उरले, की ते पसरून त्यावर तवा. अर्ध्या तासाने काढला तर कडेपासून मध्यापर्यंत एकच रंग.

पहिल्या फेरीनंतर तवा काळा होत नाही. आधी पिवळट तपकिरी, मग भाजलेल्या कॉफीच्या बीसारखा, चौथ्या-पाचव्या हाताला काळा. दर फेरीनंतर पूर्ण निवू द्या आणि मगच पुढचं तेल. मी दिवसाला दोन केल्या.

निवू द्या हे तवा फोडलेली बाई सांगते आहे. बांगडे तळून झाले, पाहुणे जेवायला बसलेले, मी तापलेला तवा तसाच नळाखाली धरला. टण्ण. कडेपासून मध्यापर्यंत चीर, आणि पाणी चिरेतून खाली. गॅसची आच भसकन मोठी केली तरी हेच होऊ शकतं, इंडक्शनवर तर फारच लवकर.

पहिले काही दिवस

लगेच घावन घालायला जाऊ नका. नवा थर पातळ असतो, आणि पातळ पिठाइतका तव्याचा कस कुणी काढत नाही. आठवडाभर तेलातलं काम द्या: पापड, काप, रवा लावलेली मासळी, कांदा परतणं. मग पोळे, मग शेवटी घावन. घावनाआधी तव्यावर नारळाच्या शेंडीने किंवा वांग्याच्या देठाने तेल फिरवायची आपली जुनी रीत आहे, ती पाळा. देठ थोडं तेल धरतो आणि थोडंच सोडतो, ब्रशपेक्षा बरा. अर्धा कांदा काट्याला टोचून फिरवला तरी तेच.

आंबट काही महिने दूर ठेवा. सोलं (आमसुलं), चिंच, टोमॅटो, विनागर यांनी थर उतरतो आणि पदार्थाला लोखंडाची चव येते. हुमण, म्हणजे माशांची आमटी, मातीच्या कुंडल्यात शिजतं, ते तिथेच राहू द्या. थर मुरल्यावर आंबट फोडणी चालते, पण शिजवून तासभर तसंच ठेवणं कधीच नाही. आवळा लोखंडी कढईत काळा कसा होतो ते आठवा, तुरट-आंबट आणि लोखंड एकत्र आले की काळं होणारच.

मासळीचा वास राहतो ही खरी तक्रार. रिकामा तवा धूर येईपर्यंत तापवला की बराच जातो, पूर्ण नाही. आमच्याकडे बांगड्याचा तवा वेगळा आणि घावनांचा वेगळा, आणि यावर घरात मतदान होत नाही.

रोजचं धुणं आणि पावसाळा

साबण चालतो. जुन्या काळी साबणात तीव्र क्षार असायचे, ते थर काढायचे. आजच्या भांड्यांच्या साबणाने बसलेला थर जात नाही. पाण्यात भिजत ठेवणं मात्र बंद. कोमट तव्यावर पाणी, सोडणीने घासणं, पुसणं, लगेच दोन मिनिटं आचेवर, आणि खोबरेलाचा पुसून काढलेला हात. मीठ वापरलं असेल तर नीट धुऊन काढा, राहिलेला कण रात्रीत ठिपक्याएवढा गंज धरतो.

पावसात महिना-दोन महिने न लागणारी भांडी प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, आतच घाम धरतो. वर्तमानपत्राचा कागद मध्ये घालून, झाकण न लावता, चुलीच्या वरच्या फळीवर ठेवा. आठवड्याने एकदा नुसतं तापवलं तरी पुरतं.

थर चिकट झालाच तर आणखी तेल लावून झाकायचा प्रयत्न फुकट. तवा पालथा करून एक तास कडक तापवा, बराचसा सुकतो. नाही सुकला तर सोड्याच्या पाण्याने तेवढा काढा. एखाद्याच जागी पापुद्रा सुटला तर तिथेच घासून, तिथेच दोन-तीन हात द्या. सगळा तवा उघडा करायची गरज नसते.

आप्पेपात्राचं काम याच रीतीने, पण वेळ दुप्पट धरा. वाट्यांच्या तळाला तेल साचतं आणि तिथेच चिकटा होतो. बोटाला फडकं गुंडाळून एकेक वाटी पुसायची, मग पात्र पालथं करून तापवायचं, आणि दहा मिनिटांनी चिमट्याने उचलून परत एकदा प्रत्येक वाटी पुसायची. आमच्या पात्राची मधली वाटी अजून नीट झालेली नाही. तिच्यातला आप्पा दर वेळी सुरीनेच काढावा लागतो.